पाळणाघर कोणी बंद केलं

कुमुद वाडेगावकर लग्न होऊन अमरावतीहून दिल्लीला आली तेव्हा तिला हिंदीत धड भाजीसुद्धा घेता येत नव्हती. नवरा गुणवंत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात क्लार्क. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन खोल्या, मागे वीतभर अंगण. तिला मूल झालं नाही. दोन-तीन वर्षं डॉक्टर केले, उपास केले, मग दोघांनीही तो विषय काढायचं सोडून दिलं. त्याच सुमारास कॉलनीतल्या पाळणाघरात बाई हवी म्हणून कोणीतरी सांगितलं आणि ती सहज म्हणून गेली. ती तिथेच राहिली. केस पांढरे होईपर्यंत.

पाळणाघर सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, लोखंडी खाटा, एक स्वयंपाकाचा ओटा. पगार म्हणता येणार नाही, मानधन. पण सकाळी आया आपापल्या ऑफिसात पळायच्या आणि पोरं कुमुदच्या ताब्यात. तमिळ, पंजाबी, बंगाली, मराठी, सगळी पोरं तिला मौसी म्हणायची. मराठी असतील ती मावशी. कोणाला भात लागतो, कोण पोळी चघळून थुंकतो, कोणाला झोपताना कान धरायला लागतो, हे तिला त्यांच्या आयांच्या आधी कळायचं.

त्यातला एक सुधन्वा. त्याची आई स्वरूपा गुणवंतच्याच सेक्शनमध्ये होती, वडील मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात. संसदेचं अधिवेशन असलं की स्वरूपाला यायला रात्र व्हायची, आणि वडिलांची कंपनीची बस त्याहून उशिरा. पाळणाघर सहाला बंद व्हायचं. मग कुमुद त्याला कडेवर घेऊन स्वतःच्या क्वार्टरमध्ये जायची. तो फक्त मेतकूट-भात खायचा आणि तोही तिच्याच हातून. चार वर्षांचा असताना त्याला गोवर निघाला, तेव्हा स्वरूपाला रजा मिळाली नाही आणि कुमुदने पाळणाघरातून रजा काढली. पुढे तो शिकला, मोठ्या कॉलेजात गेला. स्वरूपा रिटायर होऊन पुण्याला गेली. दिवाळीला फोन यायचा, मग तोही कधी यायचा, कधी नाही.

गुणवंत रिटायर झाला तेव्हा त्यांनी द्वारकेत सोसायटीत फ्लॅट घेतला. सरोजिनी नगरचे जुने क्वार्टर पाडून तिथे टॉवर उभे राहत होते. पाळणाघर कम्युनिटी हॉलच्या मागच्या एका खोलीत आलं. पर्मनंट लोकांची मुलं कमी झाली होती. त्यांच्याकडे घरी बाया होत्या, नाहीतर ती महागड्या डे-केअरला जात. आता येत ती कंत्राटी लोकांची मुलं. ड्रायव्हरची, सफाईवाल्यांची, डेटा एन्ट्री करणाऱ्या मुलींची. कुमुद द्वारकेहून मेट्रोने रोज जायची. गुणवंत म्हणायचा, "आता पुरे झालं की. कोणासाठी एवढं?" ती डबा भरायची आणि निघायची.

गुणवंतला स्वतःला मतं भरपूर होती. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत रिटायर लोकांचा अड्डा बसायचा. सगळे सरकारी पेन्शनवाले, सगळ्यांच्या खिशात सरकारी दवाखान्याचं कार्ड. आणि विषय एकच, सरकार पैसा कुठे उधळतं. बायकांना बस फुकट कशाला, वीज फुकट कशाला, फुकट धान्याने माणसं आळशी झाली. गुणवंत घरी येऊन ते सगळं पुन्हा कुमुदला ऐकवायचा. ती म्हणायची, "आपलं औषध कुठून येतं हो?" तो म्हणायचा, "ती आपली कमाई आहे. फरक असतो."

त्या हिवाळ्यात मंत्रालयाने लोकांची मतं मागवली. खर्च कुठे कमी करावा, यासाठी एक समिती नेमली होती. कर्मचारी, निवृत्त कर्मचारी, त्यांच्या घरचे, सगळ्यांच्या मोबाइलवर लिंक आली. गुणवंतने चहा बाजूला ठेवून ती उघडली. उजळणी करून परीक्षेला बसलेल्या मुलासारखा तो खूश होता. भराभर खुणा करत गेला, मोठ्याने वाचत गेला. "समारंभ आणि सत्कार, बिल्कुल बंद. कँटीनची सवलत, बंद. पूरक कल्याण उपक्रम... हे काय असतं? साहेबांच्या बायकांचे क्लब असणार. बंद!" मग फोन कुमुदच्या हातात दिला. "तूही भर. मत मागतंय सरकार, असं रोज होत नाही."

कुमुदने चष्मा लावून वाचलं. एका ओळीवर ती थांबली. अधिकाऱ्यांच्या गाड्या. तिला एका मोठ्या साहेबांची बायको आठवली. ती सरोजिनी मार्केटात खरेदीला यायची तेव्हा सरकारी गाडी पाळणाघराच्या फाटकापाशी उभी करायची. आत कोणी नसताना एसी चालू, इंजिन चालू, धूर सगळा खोलीत, आणि पोरं खोकायची. कुमुदने एकदा जाऊन सांगितलं तर बाई म्हणाल्या होत्या, "आप क्रेच वाली हैं ना? अपना काम देखिए।" कुमुदने त्या ओळीपुढच्या 'बंद'वर बोट टेकवलं. तिला फार बरं वाटलं. बाकीचं काही न भरताच तिने फोन परत दिला.

फेब्रुवारीत एक दिवस पोरं जेवायला बसली असताना दारात एक उंच मुलगा उभा राहिला. गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात लॅपटॉप. क्षणभर तिला ओळख पटली नाही. मग तो वाकून पाया पडला.

"मावशी, मी सुधन्वा."

तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. पोरं भात खायची थांबून बघत राहिली. तिने त्याला खाटेवर बसवलं, आई कशी आहे विचारलं, लग्न का नाही केलं विचारलं. तो हसत होता, खोलीभर नजर फिरवत होता. मग त्याने लॅपटॉप उघडला.

"मावशी, ॲक्चुअली मी कामासाठी आलोय. समितीचं काम आमच्या कंपनीकडे आहे ना. गुडगावला. मी ते बघतो."

"कसलं काम?"

"लोकांची जी मतं आली, त्यांचा रिपोर्ट. कुठे कट करता येईल. या खोलीची पाहणी बाकी होती, तर म्हटलं मीच जातो."

कुमुदला अजूनही कळलं नव्हतं. "मग बघ की. छत गळतंय, तेवढं लिही. आणि मागचा नळ."

त्याने काहीच टाइप केलं नाही. मग हळूच म्हणाला, "मावशी, पाळणाघर पूरक कल्याण उपक्रमांत येतं. सगळ्यात जास्त लोकांनी तेच बंद करा म्हटलंय."

"कोणत्या लोकांनी?"

"लोकांनी. तुमच्याच. कर्मचारी, पेन्शनर."

"त्यांना माहीत होतं हे पाळणाघर आहे?"

"यार, मावशी, प्रत्येक गोष्ट नाव घालून नाही विचारता येत. फार लांब झालं तर लोक भरतच नाहीत."

"पण तुला तर माहीत होतं," ती म्हणाली.

त्याने स्क्रीनकडे बघितलं. "मी ठरवत नाही गं. मी फक्त लोक काय म्हणाले ते मांडतो. माझं मत मध्ये आणलं तर ते चूक होईल."

"या पोरांच्या आयांना विचार ना. आत्ता संध्याकाळी येतील सगळ्या. थांब तू."

"आता मतं घेणं बंद झालंय. पण बघतो मी. एक नोट टाकतो."

तो थांबला नाही. जाताना मात्र म्हणाला, एक फोटो काढू. तिच्या खांद्यावर हात टाकून त्याने फोटो काढला. रात्री गुणवंतने तो तिला फोनवर दाखवला. सुधन्वाने खाली लिहिलं होतं की मी आज जो आहे तो या बाईंमुळे, माझी पहिली गुरू. शेकडो लोकांनी हात जोडले होते, हृदयं पाठवली होती. गुणवंतचा ऊर भरून आला. "बघ, पोरगा विसरला नाही."

"ते पूरक कल्याण म्हणजे आमचं पाळणाघर होतं," कुमुद म्हणाली. "तुम्ही बंद करा म्हणालात."

गुणवंतच्या हातातला फोन तसाच राहिला. "मला काय माहीत? आणि माझ्या एकट्याच्या मताने काय होतं?"

"सगळे एकटेच होते."

त्या रात्री तिने त्याला वाढलं, पण ती त्याच्याबरोबर जेवली नाही.

महिनाभरात आदेश आला. मार्चअखेर पाळणाघर बंद, खोली स्टोअरसाठी. संध्याकाळी आया जमल्या. खूप आरडाओरड झाली. डेटा एन्ट्रीवाली मैत्रेयी, इंदूरकडची मराठी मुलगी, सगळ्यांत जास्त चिडली होती. "असं कसं करतात? आम्हाला विचारलं का कोणी?"

कुमुदने शांतपणे विचारलं, "तुला लिंक आली नव्हती?"

मैत्रेयीचा आवाज खाली आला. "आली होती मावशी. पण मला वाटलं... ते वरच्या लोकांचं काही असेल." आणि तिने पोराचं तोंड पदराने पुसायला घेतलं, ते स्वच्छ असतानाही. बाकीच्या कोणी एकमेकींकडे बघितलं नाही. अर्ज करायचा ठरला. तो केलाही. त्यावर उत्तर आलं नाही.

सुधन्वाला कुमुदने दोनदा फोन केला. एकदा तो मीटिंगमध्ये होता. दुसऱ्यांदा म्हणाला, "नोट टाकली होती मावशी. शेवटच्या व्हर्जनमध्ये वरच्यांनी काढली असेल." मग उत्साहाने म्हणाला, "पण तू टेन्शन घेऊ नको. गुडगावला एक मस्त डे-केअर आहे, माझ्या मित्राच्या बायकोचं. तुझ्यासारखं कोणी हवंच आहे त्यांना."

"ठेवते," ती म्हणाली.

शेवटच्या आठवड्यात रामनिवास आला. कंत्राटी ड्रायव्हर, हरियाणातल्या रेवाडीकडचा. त्याची धाकटी अंशू पाळणाघरात होती, बायको एका शाळेत झाडू मारायची. तो मुलीच्या चपला आणि पाण्याची बाटली घ्यायला आला होता.

"आज से नहीं आएगी मौसी. गाँव जा रहे हैं."

"अभी तो चार दिन बाकी हैं."

"मेरी नौकरी गई. गाड़ियाँ कम कर दीं. लोगों की राय थी, बोले."

कुमुदचा हात अंशूच्या केसांत होता, तो तिथेच थांबला. तिने विचारलं, "साहब की गाड़ी भी गई?"

"साहब की कहाँ जाएगी मौसी. उनको अब कंपनी की टैक्सी मिलती है, बड़ी वाली. बस हम लोग गए."

न सांगता राहता आलं असतं. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "गाड़ियों पर मैंने भी लगाया था, रामनिवास. मुझे लगा साहब लोगों की जाएगी."

तो तिच्याकडे बघत राहिला. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "आपने थोड़ी ना हमारे लिए लगाया था." मग मुलीला उचलून घेतलं. अंशूने खांद्यावरून हात हलवला. त्याने मागे पाहिलं नाही.

खाटा भंगारवाल्याने नेल्या. कुमुद घरी बसली. बागेतल्या अड्ड्यावर गुणवंत आठवडाभर गेला नाही, मग जायला लागला. पहिले काही दिवस गप्प बसायचा म्हणे. पुढे बोलायला लागला. विषय तोच.

एप्रिलच्या शेवटी मैत्रेयी द्वारकेच्या फ्लॅटवर आली, पोराला घेऊन, घामाघूम. सासू सांभाळायला तयार नव्हती, डे-केअर परवडत नव्हतं.

"मावशी, घरीच ठेवाल का याला? थोडे दिवस. तुमच्याशिवाय कोणाकडे राहत नाही हो."

पोरगं आधीच कुमुदच्या साडीला लोंबकळत होतं. कुमुदने उभ्या आयुष्यात कोणत्या आईला नाही म्हटलं नव्हतं. गोवर निघालेलं पोर तिने घेतलं होतं, वांत्या करणारं घेतलं होतं, बाप सोडून गेलेलं घेतलं होतं.

"नाही जमणार," ती म्हणाली.

मैत्रेयीला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. "दुपारपर्यंतच..."

"नाही जमणार मला."

तिने साडीतून पोराची बोटं सोडवली, एकेक करून, दुखू न देता. त्याला पाणी दिलं, मैत्रेयीला चहा विचारला. मैत्रेयी चहा न घेताच उठली. लिफ्टचं दार लागेपर्यंत पोराचं रडणं ऐकू येत होतं.

गुणवंत आतून बाहेर आला. "ठेवून घ्यायचं होतंस की. तुलाच करमत नाही."

कुमुदने पाण्याचा पेला उचलून आत नेला. आपण दमलोय म्हणून नाही म्हणालो की सूड म्हणून, याचा विचारही तिने केला नाही. पुढच्या महिन्यात कळलं, मैत्रेयीने नोकरी सोडली आणि ती इंदूरला गेली. कुमुदने ते ऐकलं आणि कणीक मळत राहिली.