समोरच्याचं चौथं कडवं

आमच्या घरात भांडणाला आवाज नसे. बाबा चिडले की नुसते ओठ हलवायचे, भुवया वर चढवायचे, आणि आई ते वाचून तशीच ओठांनी उत्तर द्यायची. फारच झालं की ती भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापायला बसे. मग बाबांनी काय बोलायचं ते तिच्या पाठीला बोलावं. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या वडिलांना पहिल्यांदा ओरडताना ऐकलं, तेव्हा मी चप्पल तिथंच टाकून घरी पळाले होते. आपलं घर इतरांसारखं नाही हे मला त्या दिवशी कळलं.

याचं कारण लूम, म्हणजे यंत्रमाग. भिवंडीत कारखाना म्हणजे लूमची शेड, आणि ती सुरू असली की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही ऐकू येत नाही. म्हणून आतली माणसं ओठांनी बोलतात. एकेक अक्षर तोंड मोठं करून सोडतात, सोबत हातवारे. बाबांची बारा तासांची ड्युटी अशी जायची. घरी आल्यावरही घसा वापरायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. कानही हळूहळू गेले ते गेलेच.

एक गोष्ट मात्र ते आवाज लावून करायचे. सकाळी दाढी करताना गाणं म्हणायचे.

भोंगा वाजायचा थांबला, आता उठवील कोण?
डबा पालथा फळीवर, त्याला भरील कोण?

चाल अशी उडती, की शब्द ऐकले नाहीत तर वाटावं घरात बारसं आहे. बाबा आधी मुंबईला गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. पडघ्याजवळच्या आमच्या गावी येऊन त्यांनी थोडे दिवस काढले आणि मग निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात लागले. मोठ्या गिरणीतून छोट्या कारखान्यात, एवढाच फरक, असं ते म्हणायचे. पुढं तो कारखानाही बंद पडला आणि लूम भंगारात गेल्या.

मला लहानपणापासून नसत्या चौकशा फार. आई म्हणते, हिच्या नाकाला हाड नसतं तर ते दुसऱ्याच्या घरात जाऊन राहिलं असतं. गाणं कुणी केलं, हे मी बाबांना शंभरदा विचारलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं, "समोरच्यानं."

समोरचा म्हणजे समोरच्या रांगेतल्या लूमवरचा कारागीर. निजामपुऱ्यातल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातला. वीस-बावीस वर्षं दोघं समोरासमोर उभे राहिले, मध्ये माणूस आडवा चालेल एवढी वाट. बाबा त्यांना नावानं कधी हाक मारत नसत. ईदला शिरकुर्म्याचा डबा आला की बाबा म्हणायचे, "समोरच्याकडून आला."

गेल्या वर्षी बाबा विसरायला लागले. दूध आणायला जाऊन कोथिंबीर घेऊन आले. गावाकडच्या आपल्या भावाला जेवायला वाढ म्हणून आईच्या मागं लागले, तो भाऊ वारून सात वर्षं झालीत. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं आणि गोळ्या दिल्या. बाबांनी मात्र आपली परीक्षा आपणच घ्यायला सुरुवात केली. रोज सकाळी दाढीचा साबण लावून ते गाणं म्हणायचे. पहिलं कडवं यायचं. दुसरं यायचं:

खानावळवाली मावशी दार लावून बसली
पान वाढलंय कवाचं, आता जेवील कोण?

तिसरंही यायचं:

नाक्यावरचा न्हावी आरशात सोताला बघतो
गिऱ्हाईक गेलं गावाला, दाढी करील कोण?

आणि मग गप्प. साबण सुकून जायचा. "चार हायेत," ते म्हणायचे. "चौथं गेलं. सगळंच जाणार आता." एका सकाळी त्यांनी वस्तरा ठेवून दिला आणि अर्ध्या गालाची दाढी तशीच घेऊन दिवसभर बसले. मला त्यांचा राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. तीन कडवी आठवणारा माणूस चौथ्यासाठी स्वतःला नापास करत होता.

मी म्हटलं, "बाबा, तीनच असतील."

"चार," ते म्हणाले आणि चार बोटं वर केली.

मग मी शोध सुरू केला. हायवेवरच्या ज्या गोदामात मी ऑफिसात बसते तिथं वयस्कर हमालांना विचारलं. आमच्या विहारातल्या गायन पार्टीच्या बुवांना विचारलं. गिरणीवरची गाणी त्यांना पाच-सहा येत होती, त्यांनी ती मला म्हणूनही दाखवली, पण यातली एक ओळ त्यांनी ऐकली नव्हती. गणेशपुरीला गेले तेव्हा एस.टी.त शेजारी बसलेल्या, मुंबईच्या चाळीत जन्म गेलेल्या एका आजींनाही सोडलं नाही. त्यांनी खानावळीची ओळ ऐकून डोळे पुसले, पण गाणं नवीनच आहे म्हणाल्या. एवढ्या लोकांच्या तोंडची ओळ वाटावी असं गाणं, आणि ते आमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नाही? मला झोप लागेना. शेवटी आईच म्हणाली, "गावभर बोंब मारण्यापेक्षा समोरच्याकडं जा की. काखेत कळसा न् गावाला वळसा."

शुक्रवारी रजा काढून गेले. शुक्रवारी लूमना सुट्टी असते, निजामपुऱ्याच्या गल्लीत त्या दिवशी माणसांचं बोलणं ऐकू येतं. समोरचे आता सुनेकडे, दुसऱ्या मजल्यावर. गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. कान बाबांसारखेच. मी समोर बसून तोंड मोठं करून, आवाज न काढता बोलले, तसे ते एकदम हसले. "लूमवाल्याची मुलगी," ते सुनेला म्हणाले. "बरोबर बोलते."

मी गाण्याचं विचारलं. त्यांनी लगेच पहिलं कडवं म्हटलं, आणि मी बघतच राहिले. शब्द तेच, अगदी तेच. पण चाल संथ, लांब सूर ओढलेली, त्यांच्याकडे लग्नात बायका बसून म्हणतात तसली. बाबांच्या चालीशी तिचं दूरचंही नातं नव्हतं.

"ही चाल?" मी विचारलं.

"हीच तर हाय. तुझा बाप अशीच म्हणायचा ना?"

मी बाबांची चाल म्हणून दाखवली. त्यांना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून टेबलावर बोटांनी ठेका धरला. ते बोटांकडे बघत राहिले आणि मग हसता हसता त्यांना ठसका लागला. वीस-बावीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून हे गाणं म्हटलं होतं, पण एकमेकांचा गाता आवाज कधी ऐकलाच नव्हता. ज्यानं त्यानं आपापली चाल लावली आणि समोरचाही तेच गातोय असं धरून चालला.

मग मी माझा जुना प्रश्न काढला. गाणं केलं कुणी?

"तुझ्या बापानं," ते म्हणाले.

"ते म्हणतात तुम्ही."

त्यांनी जीभ टाळ्याला लावून च्क केलं. भोंगा आणि खानावळ त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, मुंबईच्या गिरणीत त्यांनी पाऊलसुद्धा टाकलेलं नव्हतं. मात्र न्हावी त्यांचाच. कारखान्यासमोरच्या नाक्यावर त्याची खुर्ची होती. मंदी आली, यूपीकडचे कारागीर गावाला गेले, आणि तो दिवसभर आरशासमोर बसून राहायला लागला. म्हणजे एकाच्या ओठांवर ओळ यायची, दुसरा ती उचलायचा, पुढची जोडायचा. दोन गावं एका गाण्यात आली होती आणि दोघांनाही वाटत होतं की आपण नुसते साथीला आहोत.

"आणि चौथं?" मी विचारलं. "बाबा विसरलेत. रोज सकाळी अडतात. फार मनाला लावून घेतलंय त्यांनी."

ते एकदम गंभीर झाले. "त्याला किती येतात?"

"तीन."

"पुरे तीन?"

"तिन्ही पुरी येतात."

पण चौथं काही ते म्हणेनात. मी विनवण्या केल्या, लाडीगोडी केली, सुनेकडून वशिला लावून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. "त्याला घेऊन ये, बेटी," एवढंच म्हणाले. तो आठवडा माझा कसा गेला ते मला विचारू नका.

बाबा यायला तयार नव्हते. मला वाटलं जिन्यामुळे. मग ओठांनी, अगदी बारीक म्हणाले, "त्याच्यासमोर अडलो तर?" बाहेर भेटले की हे दोघं नुसतं एकमेकांच्या पोरांची तब्येत विचारायचे. गाणं लूमवरचं, रस्त्यात कोण काढणार? लाज वाटायची. आणि आता जाऊन सांगायचं की मी तेही हरवलं. मी त्यांना जवळजवळ ओढतच रिक्षात घातलं. रिक्षात ते बाहेर बघत तीन कडवी पुटपुटत राहिले.

समोरच्यांनी दोन खुर्च्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. समोरासमोर, मध्ये माणूस आडवा चालेल एवढी जागा. बाबांनी ती जागा बघितली आणि न सांगता जाऊन बसले. मिठी नाही, कसा आहेस नाही. दोघांनी एकदम ओठ हलवायला सुरुवात केली.

खोलीत चिडीचूप. सून चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "भांडतायत का?" तिनं मला विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. पहिलं झालं, दुसरं झालं. न्हाव्याच्या ओळीला दोघांनी एकदम गालावरून हात फिरवला. बाबा उडत्या चालीत मान हलवत होते, समोरचे संथपणे डोलत होते, आणि तरी शेवटचा "कोण" दोघांच्या ओठांवर बरोबर एकदम आला.

मग बाबा थांबले. त्यांचे हात मांडीवर पडले. मला वाटलं, मी फार मोठी चूक केली.

समोरच्यांनी पंजा वर केला, लूमवर थांब म्हणायला करतात तसा. आणि ओठांनी, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "चौथा मी तुला सांगितलाच न्हाय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. आपण बरोबर वाचलं का, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी मान डोलावली.

मग समोरच्यांनी मला कळावं म्हणून तोंडानं सांगितलं. कारखाना बंद होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी सुट्टी होताना त्यांनी बाबांना लांबून चार बोटं दाखवली, चौथा तयार हाय, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी दोघं ड्युटीवर आले तर मालकानं सकाळीच स्विच पाडलेला. भंगारवाले हातोडे घेऊन आत उभे. "शेडमध्ये आवाजच न्हाय. एवढ्या शांततेत कसं बोलू? नुसते ओठ हलवले तर लोक हसतील, आवाज काढला तर सगळे ऐकतील. मी गेलो घरी. मग तो राहिला तो राहिलाच."

चार बोटं खरी होती. बाबांनी ती इतकी वर्षं जपून ठेवली होती आणि त्यांच्यापुढचं रिकामं दिसलं म्हणून स्वतःवर आळ घेतला होता.

"मी इसरलो न्हाय?" बाबांनी मोठ्यानं विचारलं. त्यांचा आवाज खोलीला फार मोठा झाला.

"न्हाय," समोरचे म्हणाले. "तू इसरला न्हाईस."

बाबा रडले. मग डोळे पुसून ओठांनीच म्हणाले, "मग म्हण की आता." आणि समोरच्यांनी म्हटलं:

माणूस गेला तर गेला, गाव मागं राहिलं
गावाला न्यायला आता सांग येईल कोण?

परतताना रिक्षा त्या जुन्या कारखान्यावरून गेली. तिथं आता पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम आहे. बाबांनी वळूनही बघितलं नाही, ते चौथ्या कडव्याला आपली चाल लावत होते.

यानंतर बाबा बरे झाले असं मी लिहिलं असतं, पण तसं झालं नाही. कोथिंबीर येतेच, दूध राहतंच. भावाचं ताट आई हल्ली वाद न घालता वाढते आणि नंतर स्वतः जेवते. पंधरा-वीस दिवस चारही कडवी रोज झाली. मग एका सकाळी साबण लावून ते तिसऱ्याला थांबले. बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काळजी नव्हती, उलट मिशीत हसू होतं.

"चौथं मला कुणी सांगितलंच न्हाय," ते म्हणाले. "मी इसरलो न्हाय." आणि गालावरून वस्तरा नीट फिरवायला लागले.

आता रोज सकाळी मी आरशाशेजारी, त्यांच्यासमोर माणूस आडवा चालेल एवढी जागा सोडून उभी राहते, आणि तिसरं संपलं की आवाज न काढता चौथं म्हणते. बाबा माझे ओठ वाचतात आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे मान हलवतात, "वा. समोरच्यानं चांगलं केलंय."