भिंतीपलीकडच्या मालनताई

मालनताई गेल्याचं कळलं तेव्हा मी पहिलीची हजेरी घेत होते. अंगणवाडीच्या मदतनीस संगीताबाई दारात येऊन म्हणाल्या, "मॅडम, ताई गेल्या." मी वहीतून मान वर न करताच विचारलं, "कुठं? यवतला?" बैठकीसाठी त्या अधूनमधून यवतला जायच्या, त्यामुळे दुसरं काही मनातच आलं नाही. संगीताबाई दारातून हलल्या नाहीत, तेव्हा मी वर पाहिलं... पहाटे छातीत कळ आली आणि गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

बारा वर्षांपूर्वी मी कासुर्डीच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा माझा वर्ग आणि त्यांची अंगणवाडी यांच्यात एकच भिंत होती. पलीकडून दिवसभर आरडाओरडा, भांड्यांचे आवाज. आठवडाभर सहन केलं आणि मग तक्रार घेऊन गेले. मालनताई फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या, भोवती वीसेक मुलं. कुणी कांदे निवडून लहान-मोठ्यांचे ढीग लावत होतं, कुणी डब्याच्या दोन झाकणांना सुतळी बांधून केलेल्या तराजूत खडे तोलत होतं, तर तिघी-चौघी झेंडूच्या पाकळ्या सोडवत बसल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, तुमची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना 'अ' सुद्धा काढता येत नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, आधी बोटं तयार होऊ द्या की. पाकळी न फाडता सोडवायला लागली म्हंजी पेन्सिल धरंलच." मला तो कामचुकारपणा वाटला. त्या सातवी शिकलेल्या, मी डी.एड. झालेली, मनात तेही होतंच.

त्यांचं माहेर मेंढपाळाचं. आता शेती आहे, पण त्यांचं लहानपण मेंढरांमागे फिरण्यात गेलेलं. एकदा चहा पिताना म्हणाल्या, "आमची बालवाडी मेंढरांच्या तळावरच. संध्याकाळी समदी कोकरं सुटायची आन् जी ती ज्याच्या त्याच्या आईला लावायची, ह्योच आमचा पोरींचा खेळ. चुकलं की कोकरू उपाशी. मोजायला, वळखायला तिथंच शिकले, कुणी शिकवलं न्हाई."

मला त्यांचं म्हणणं पटलं ते माझ्या मुलीमुळे. स्वराला साडेतीन वर्षांची असताना आम्ही हायवेवरच्या एका इंग्रजी नर्सरीत घातलं. व्हॅन यायची, टाय होता, रोज एक पान गृहपाठ असायचा. दोन-तीन महिन्यांत ती घरात बोलेनाशी झाली. विचारलं की मान हलवायची, पान पुढं ठेवलं की चड्डीत लघवी व्हायची. माझे यजमान शिक्रापूरच्या कंपनीत, दर रविवारी घरी येणारे. ते म्हणायचे, होईल सवय. एके दिवशी व्हॅन आली नाही म्हणून मी तिला माझ्या शाळेत घेऊन आले. ती भिंतीपलीकडचा आवाज ऐकत होती. मधल्या सुट्टीनंतर पाहिलं तर अंगणवाडीच्या उंबऱ्यावर जाऊन बसलेली. मालनताईंनी तिला आत बोलावलं नाही, नावही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच तिला व्हॅनमध्ये बसवलं नाही. चार दिवस ती तशीच उंबऱ्यावर बसली. पाचव्या दिवशी मी फळ्यावर लिहीत असताना पलीकडून आवाज आला, "कांदं कसं दिलं?" आवाज स्वराचा होता. कुणीतरी म्हणालं, "धा रुपये." त्यावर ती म्हणाली, "लई म्हाग हाय, न्हाई घ्यायचं!" खडू हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. घरात आम्ही तसं बोलत नाही. ते शब्द तिनं त्या उंबऱ्यावर बसूनच गोळा केले होते.

यजमान चिडले. "शिक्षिकेची मुलगी अंगणवाडीत? लोक काय म्हणतील?" लोक म्हणालेच. मालनताई मात्र 'बघा, मी सांगत होते' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तिला जुनी कापडं घालत जावा, मॅडम."

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. रजिस्टरं कायम अर्धवट. पर्यवेक्षिका आल्या की रात्रीत भरलेलं सरळ दिसायचं. ऐन मे महिन्यात, गावात टँकर येत असताना, त्यांनी मुलांना बादलीभर पाण्याशी खेळू दिलं आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. पुढं मुलं कमी होऊ लागली. पालकांच्या बैठकीत एक बाप स्पष्टच म्हणाला, "ताई, निस्तं खेळायचंच आसंल तर घरी काय वाईट हाय?" त्यांनी वाद घातला नाही. त्याच्याच मुलीनं कोपऱ्यात खेळायला मांडलेल्या दुकानातून पाच कांदे मागितले, पिशवीत तीनच घातले आणि निघाल्या. पोरगी मागून ओरडली, "ताई, आजून दोन ऱ्हायलं!" बाप हसला. तरी पुढच्या महिन्यात ती मुलगी व्हॅनने जाऊ लागलीच. त्या दिवशी पहिल्यांदाच मी मालनताईंना कंटाळलेलं पाहिलं. "मॅडम, मला बोलून पटवता येत न्हाई," म्हणाल्या. मला येत होतं. त्या बैठकीत मी का गप्प बसले, हे मी स्वतःला अजून विचारते...

दहावा झाल्यावर अंगणवाडी पुन्हा उघडली, तेव्हा मी मधल्या सुट्टीत तिकडे गेले. एक चिमुरडी सतरंजीवर डोळे मिटून पडली होती. दुसरी स्टीलचा पेला तिच्या छातीला लावून ऐकत होती. बाकीची भोवती बसलेली. संगीताबाई पदर तोंडाला लावून पुढं झाल्या, "आरं, काय ह्ये आभद्र! उठा समदी." मी त्यांचा हात धरला. मालनताईंनी कधीच कुणाचा खेळ मध्ये मोडला नव्हता. निजलेल्या पोरीनं एक डोळा उघडून विचारलं, "आता उठू का?" पेला धरलेली डॉक्टर म्हणाली, "न्हाई. ताई उठत नसत्यात." पोरगी पुन्हा निजली. एकानं तिच्या अंगावर पोतं पांघरलं, नीट, पायापर्यंत. मग डॉक्टर झालेली पोर माझ्याजवळ आली, माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, रडू नका. खोटं-खोटं हाय."

मी म्हटलं, "व्हय."