थंडीत तहान लागत नाही

सुनंदाला हे माहीत नाही. माझी बायको ती, सत्तावीस वर्षं एका घरात राहतो आम्ही, मी खोकलो तरी तिला कळतं की हा बिडीचा खोकला की सर्दीचा — पण हे तिला माहीत नाही. अकोल्याच्या ताईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या घरी कधी येणार नाही. आलात तरी बाबांच्या खोलीत आता फवारणीचा पंप आणि खताची पोती ठेवलेली दिसतील.

आमचं गाव तिवशापासून जवळ. गावात माझं एक नाव झालेलं आहे, म्हणजे चांगलं नाव. हिवाळ्यात कोणीही दारात आलं की मी आधी कोमट पाण्याचा तांब्या पुढं करतो. चहा मागाहून. 'पयले पानी पे, मंग बोल.' पोट्टे माझी नक्कल करतात, करू देत. आरोग्य केंद्राच्या आशाताई घरोघर सांगत फिरतात की थंडीत घाम दिसत नाही म्हणून तहान कळत नाही, अंगाला पाणी मात्र लागतंच, म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून पाजत जा — आणि वर म्हणतात, गजाननभाऊंकडून शिका. मी मान डोलावतो. नाही म्हणायला तोंड कुठं आहे मला?

आमची संत्र्याची बाग आहे. तुमच्याकडं संत्रा नसेल तर एवढंच समजून घ्या — डिसेंबर लागला की आम्ही झाडांचं पाणी तोडतो. मुद्दाम. त्याला ताण देणं म्हणतात. महिनाभर झाड कोरडं ठेवायचं, पानं मलूल होऊन दुमडायला लागली की मग पाणी सोडायचं. झाड घाबरून फुलतं म्हणा की काय म्हणा, पण फुलतं. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाड गेलं. बाबांचा त्यात हात धरणारा कोणी नव्हता. दुसऱ्या गावचे लोक त्यांना गाडीवर बसवून बाग दाखवायला न्यायचे. बाबा झाडाजवळ जायचे, एक पान बोटांत धरायचे आणि सांगायचे, अजून चार दिवस, किंवा आजच सोड. मला म्हणायचे, 'कॅलेंडर पाहून ताण नाई देत लेका, झाडाच्या तोंडाकडं पाहून देत असतेत.'

त्या वर्षी दिवाळीनंतर बाबा मोरीत पाय घसरून पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण उभं राहणं काही जमलं नाही. पलंग आणि ते. सुनंदा अमरावतीच्या एका शाळेत शिकवते — सकाळच्या बसनं जायची, दिवे लागायला यायची. मुलगी लग्न होऊन गेलेली. म्हणजे बाबांचं सगळं माझ्याकडं.

आणि सगळं म्हणजे काय, तर लघवी. दुसरं काही नाही हो. जेवण भरवा, अंग पुसा, औषध द्या — त्याचा मला कंटाळा नव्हता. पण थंडीत त्यांना सारखी लागायची आणि भांडं लावेपर्यंत दम निघायचा नाही. डायपर लावू द्यायचे नाहीत. 'मी काय लेकरू हाव?' म्हणून ओढून काढायचे. मग गोधडी ओली, चादर ओली, धोतर ओलं. डिसेंबरात गोधडी दोन-दोन दिवस वाळत नाही, तुम्हाला माहीत आहे. थंड पाण्यात ती बुकलून बुकलून माझ्या हातांना भेगा पडल्या. त्या भेगा मी सुनंदाला दाखवायचो. कौतुक करून घ्यायचो, खरं सांगायचं तर.

मग मी पाणी थोडं कमी केलं.

थोडं — बघा, अजूनही हाच शब्द येतो तोंडात. ताईशी बोलतानाही मी मनातल्या मनात हाच वापरत होतो. थोडं नव्हतं. सकाळी गोळ्यांबरोबर दोन घोट, दुपारी जेवताना अर्धी वाटी, चार वाजता कपाच्या बुडाशी चहा. त्यानंतर काही नाही. आणि तांब्या — तो त्यांच्या उशाशी स्टुलावर असायचा, हात लांबवला की मिळेल असा — तो मी उचलून खिडकीत ठेवला. दिसेल असा. पण पोचणार नाही असा. मुद्दाम दिसेल असा ठेवला नव्हता, एवढा काही मी… जाऊ द्या. पोचणार नाही असा ठेवला ते मात्र मुद्दामच होतं.

तुम्ही विचाराल, मनाला काही वाटलं नाही? वाटलं असतं, पण माझ्याकडं हिशेब तयार होता. बागेत चारशे झाडं पाण्यावाचून उभी होती आणि एकही मेलं नव्हतं. बापाच्याच हाताखाली शिकलेला मी. झाड महिना काढतं, तर माणूस एक संध्याकाळ नाही काढणार? तेही थंडीत? मी खरंच असा विचार केला. शिकलासवरला माणूस आहे मी, बी.ए. झालेला.

आता इथंच थांबलो तर तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणूस थकतो, होतं असं. सगळे तेच समजतात की म्हाताऱ्याला तहान कळली नाही आणि पोराच्या लक्षात आलं नाही. पण त्यांना तहान कळत होती. त्यांनी पाणी मागितलं होतं.

दुपारी चारची वेळ. मी नुकती कोरडी गोधडी घातली होती, त्या दिवसातली तिसरी. बाबा म्हणाले, 'गजा, पानी दे.' मी म्हणालो, आत्ताच तर चहा झाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले. मी ऐकू न आल्यासारखं केलं. मग त्यांनी हात पुढं केला, खिडकीच्या दिशेनं, आणि म्हणाले, 'दे ना बाप्पा, घोटभर. ओलं नाई करत मी.'

ओलं नाही करत मी. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. ज्यानं मला पाटाच्या पाण्यात उभं करून आंघोळी घातल्या.

मी म्हणालो, 'आता सकाळी.' आणि बागेत निघून गेलो. तिथं मी ओळीनं झाडं पाहिली, एकेक पान बोटांत धरून. दोन ओळींना ताण जरा जास्त वाटला म्हणून त्यांना हलकं पाणी दिलं. घरी येऊन बाबांच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

त्यानंतर त्यांनी मागितलं नाही. मला वाटलं, सवय झाली. मला बरंच वाटलं — हेही सांगतो. गोधड्या कोरड्या राहायला लागल्या. पाच-सहा दिवसांनी एका सकाळी ते भिंतीशी बोलत होते. 'मोटर लाव रे, बगीचा सुकला सारा.' जीभ कोरडीठाक, ओठांची सालं निघालेली, मला ओळखेनात. सुनंदाची बस गेली नव्हती म्हणून बरं, तिनंच गाडी बोलावली.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, पाणी किती पीत होते? मी क्षणभरही थांबलो नाही. 'पीतच नाहीत हो. किती मागं लागतो मी. थंडीत तहान लागत नाही म्हणतात.' असं सरळ, घडाघडा. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्यांचं असंच असतं, हिवाळ्यात किडनीवर येतं, सोडियमचा घोळ होतो, तुम्ही वेळेत आणलंत. माझ्या पाठीवर हात ठेवला त्यांनी. बाबांचे डोळे मिटलेले होते, हाताला सलाईन. मला वाटलं, शुद्धीत नाहीत.

तिसऱ्या दिवशी ताई अकोल्याहून आली. बाबा तोवर उठून टेकून बसले होते, माणसं ओळखत होते. ती जरा तोंडाची फटकळ आहे. बसल्या बसल्या म्हणाली, 'कावून बाबा? पानी कावून नाई पेले तुमी? हा बिचारा हात फोडून घेऊन राहिला तुमच्यासाठी.' बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी सलाईनच्या बाटलीकडं पाहिलं. मला वाटलं, आता हे बोलणार. मग ते ताईला म्हणाले, 'थंडीत तहान लागत नाई ना माय.'

माझंच वाक्य. जसंच्या तसं.

ते मी सांगू शकत होतो तेव्हा. खोलीत आम्ही तिघंच होतो. ताईनं चार शिव्या घातल्या असत्या, सुनंदा महिनाभर बोलली नसती, संपलं असतं. मी काय केलं? 'बरं, संत्र्याचा रस आणतो,' म्हणालो आणि खाली उतरलो. तेव्हापासून घरात ते वाक्य बाबांच्या नावावर चालतं. ताई अजून सांगते, आमचे बाबा भारी हट्टी होते.

त्यानंतर बाबा दोन वर्षं जगले. त्या दोन वर्षांत मी त्यांना पाण्याला कमी पडू दिलं नाही, तासातासाला पाजलं. गोधड्या भिजल्या, धुतल्या. पण एक गोष्ट त्यांना लागली ती गेलीच नाही. पाण्याचं भांडं हातात दिलं तरी ते ओठाला लावायचे नाहीत. आधी विचारायचे, 'पिऊ का?' मला विचारायचे, सुनंदाला विचारायचे, एकदा शेजारच्या पाच वर्षांच्या पोरीलाही विचारलं. सुनंदा हसायची, म्हणायची, किती लाडात आलेत बाबा. मी म्हणायचो, प्या. दिवसातून आठ-दहा वेळा म्हणायचो, प्या बाबा.

शेवटच्या सकाळी त्यांची वाचा गेलेली होती. मी चमच्यात पाणी घेऊन ओठांशी नेलं. त्यांनी ओठ मिटूनच धरले. सुनंदा म्हणाली, नको असेल त्यांना, राहू द्या. पण डोळे उघडे होते आणि माझ्याकडं लागलेले होते. मी म्हणालो, 'प्या.' मग त्यांनी तोंड उघडलं.