मास्तरीणबाईंची ब्रेक खाणारी गाडी

गावातल्या निम्म्या लोकांना मास्तरीणबाईंनी गाडी चालवायला शिकवलं, आणि उरलेल्या निम्म्यांना वेळेवर बाजूला व्हायला. वडिलांची ड्रायव्हिंग स्कूल त्यांच्या पश्चात बाईंनी हातात घेतली, तेव्हा बाईमाणूस किती दिवस टिकणार म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली होती. तेच लोक पुढे एकेक करून त्यांच्याकडे शिकायला आले आणि भरपूर बोलणी खाऊन पास झाले. लग्नाचं मात्र राहून गेलं. त्यावरून कोणी हळहळलं की बाई म्हणायच्या, चालवणाऱ्या पुरुषाच्या शेजारी महिनाभर बसून बघा, मग मला विचारा.

गाडी छोटी, मूळची पांढरी, आता सायीच्या रंगावर आलेली. डोक्यावर पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी ब्रेकचं जास्तीचं पेडल. शिकणाऱ्याची भंबेरी उडाली की बाईंनी ते दाबायचं. दाताचे डॉक्टर, ज्यांच्या खुर्चीत भलेभले घाम पुसतात, ते स्वतः चौक आला की डोळे गच्च मिटून घ्यायचे. बाई पेडल दाबायच्या, गाडी उभी राहायची, आणि डॉक्टर डोळे उघडून म्हणायचे, बघा, थांबवली की नाही. बाई म्हणायच्या, वा, फारच सुरेख, आता पुढच्या चौकात स्वतःचा पाय लावून थांबवून बघा.

तेव्हा अशा गाडीचे ब्रेक झिजायचे, यात नवल नाही. पण किती झिजावेत याला काही सुमार? लोकांच्या गाड्यांना एकदा ब्रेकचे पॅड बसवले की माणूस ते विसरून जातो. बाईंची गाडी मात्र ब्रेक अक्षरशः खात होती. नवे पॅड बसवून जरा श्वास घ्यावा, तर चाकातून पुन्हा बारीक कुईंकुईं सुरू.

ती कुईंकुईं सुरू झाली की बाईंनी कपाळाला आठ्या घालायच्या, खर्चाच्या नावाने बोटं मोडायची आणि गाडी मिस्त्रींच्या गॅरेजकडे वळवायची. एवढ्या आठ्या घालूनही चेहरा प्रसन्न कसा दिसतो, हे त्यांच्या शिकाऊ लोकांना कधी कळलं नाही, कारण त्या बिचाऱ्यांची नजर स्टिअरिंगवरून हलत नसे.

मिस्त्री म्हणजे शब्द उसने आणल्यासारखे वापरणारा माणूस. गाडीला काय झालंय विचारलं तर ‘बघतो’. कधी मिळेल विचारलं तर ‘संध्याकाळी’. खर्च विचारला तर नुसती बोटं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, गॅरेजच्या वरच्या खोलीत एकटेच राहायचे. पण बाईंची गाडी कोपऱ्यावर कुईं करून वळली की या माणसाला वाचा फुटायची. गॅरेजच्या भिंतीशी भंगारातल्या कुठल्याशा गाडीचं मागचं सीट मांडलेलं होतं. त्याच्यावर एरवी गिऱ्हाईक, जुने टायर आणि एक लठ्ठ मांजर असे जागा मिळेल तसे बसत. कुईं ऐकू आली की मांजराला उठवलं जाई, टायर हलत आणि सीटवर धुतलेला टॉवेल पडे.

मग जॅक लागायचा, चाक निघायचं, झिजलेले पॅड वर्तमानपत्राच्या कागदावर बाईंपुढे मांडले जायचे. बाई चष्मा लावून ते असे न्याहाळत, की जणू जन्मात पहिल्यांदाच बघतायत. आणि भाव सुरू व्हायचा. मिस्त्री म्हणायचे चार हजार. बाई म्हणायच्या, तेवढ्यात गाडीचं तोंड सोन्याने मढवीन. मिस्त्री सांगायचे की माल महागलाय. बाई म्हणायच्या, महागाईला तुमच्याच गल्लीचा पत्ता बरा सापडतो. ते साडेतीनवर उतरायचे, त्या अडीचवर अडून बसायच्या. मध्येच विषय बाईंच्या गुडघ्यावर जायचा, तिथून मिस्त्रींच्या दाढदुखीवर, तिथून ज्या डॉक्टरांकडे दाढ दाखवायची त्यांच्या ड्रायव्हिंगवर. चहाचे दोन दोन ग्लास रिकामे व्हायचे. आणि शेवटी समोरच्याला चीत केल्याच्या थाटात दोघंही तीन हजारांवर येऊन थांबायची. दर खेपेला तीनच.

समोर इस्त्रीवाल्याचं दुकान. तिथून हा सगळा खेळ फुकटात दिसायचा. त्याने एक गोष्ट फार आधी हेरली होती. एरवी आठवड्याचे कपडे एकदम टाकणाऱ्या मास्तरीणबाई मधूनच एखादा चांगला कपडा घेऊन येत आणि उद्या सकाळी हवाच म्हणत. की समजायचं, उद्या ब्रेक. ब्रेक गेल्याचं गाडीच्या आधी आपल्याला कळतं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. लोक हसत, आणि मग त्याच्या बाकावर जरा जास्तच वेळ टेकत.

आता खरं काय ते सांगून टाकायला हरकत नाही. पाय बाईंचाच होता. शिकाऊ माणूस रडतखडत का होईना, नीट चालवत असायचा, रस्ता मोकळा असायचा, समोर कुत्रंसुद्धा नसायचं, आणि बाईंचा पाय हलकेच त्या जास्तीच्या पेडलवर विसावायचा. थांबवण्याइतका नाही, घासण्याइतका. घरी आल्यावर बाई स्वतःला चांगलं फैलावर घ्यायच्या. पन्नाशी उलटलेली बाई, गावाला शिस्त शिकवणारी, आणि हा पोरखेळ. दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा तिथेच. सरळ उठून गॅरेजात जावं आणि म्हणावं, सहज आले, हे काही त्यांना जमत नव्हतं. सहज जायचं म्हणजे काय करायचं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या आयुष्यात कुठे सहज गेल्याच नव्हत्या.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि बहिणीची मुलगी नोकरीला रामराम ठोकून मावशीच्या हाताखाली आली. भाची व्यवहाराला पक्की आणि तोंडाची तिखट, म्हणजे थेट मावशीवर गेलेली. एकदा गावाबाहेर गाडी पंक्चर झाली म्हणून ती एका परक्या गॅरेजात थांबली. तिथल्या माणसाने चाक काढता काढता आतले पॅड पाहिले, कधी बसवले विचारलं, आणि उत्तर ऐकून पोट धरून हसला. म्हणाला, ताई, ड्रायव्हिंग स्कूलची गाडी धरली तरी एवढे झिजत नाहीत, कोणीतरी तुम्हाला पद्धतशीर बनवतंय.

भाची घरी आली ती धुमसतच. तुझा मिस्त्री तुला लुबाडतोय, म्हणाली. उद्या जाते आणि चार लोकांसमोर त्याला विचारते, आणि त्यानंतर आपली गाडी त्या दारात दिसायची नाही. बाईंनी हरतऱ्हेने समजावलं. चांगला माणूस आहे, जुनी ओळख आहे, आपलीच गाडी म्हातारी झालीय. भाचीला वाटलं, मावशी भोळी आहे. मावशीला भोळी म्हणणारं माणूस गावात ते पहिलंच.

रात्रभर बाईंचा डोळा लागला नाही. बोलावं तर या वयात शोभा. गप्प बसावं तर ज्याने आयुष्यात कोणाचा नटबोल्ट जास्तीचा लावला नाही, त्याच्या माथी चोरीचा शिक्का, आणि तो दरवाजाही कायमचा बंद.

सकाळी दोघी गॅरेजात पोचल्या. कुईं नव्हती, त्यामुळे सीटवर मांजर होतं. मिस्त्री गडबडले, टॉवेल शोधायला लागले. भाचीने त्यांना तेवढी उसंत दिली नाही. तिने उभ्या उभ्याच तोफ डागली. काका, दोन वर्षं चालणारी वस्तू आमच्याच गाडीत एवढ्यात कशी संपते, तुम्ही लावता तरी काय, की लावतच नाही. गॅरेजात आणखी दोन गिऱ्हाईकं होती, त्यांनी कान टवकारले. इस्त्रीवाला कोणाचा तरी शर्ट हातात घेऊन रस्ता ओलांडून आला, आणि तो कोणाचा हे कोणीच विचारू नये अशा बेताने उभा राहिला.

मिस्त्रींची मान खाली, हातातलं फडकं पिळतायत. असं बघितल्यावर कोणालाही वाटावं, चोर सापडला. भाचीला तर वाटलंच. ती मावशीकडे वळून म्हणाली, “बघ, तोंडातून शब्द फुटतोय का?”

बाईंना तो माणूस तसा उभा बघवेना.

“त्यांना नको विचारूस,” त्या म्हणाल्या. “ब्रेक मी झिजवते. मोकळ्या रस्त्यावर पाय ठेवून बसते.”

“का पण?”

“मग काय करू? ब्रेक झिजले नाहीत तर मी इथे यायचं तरी कशाला?”

सीटवरच्या मांजरानेसुद्धा डोकं वर केलं. बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता, पण मान ताठ होती. वळणावर गाडी अंगावर आली तरी ती तशीच असायची.

मिस्त्रींनी फडकं खाली ठेवलं. स्टूल ओढलं, त्यावर चढले, वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. धुळीने त्यावरचं नाव दिसेना, ते त्यांनी शर्टाच्या बाहीने पुसलं आणि भाचीच्या हातात दिलं.

“हे टिकाऊ पॅड. तुमच्याच गाडीचे,” ते म्हणाले. “आणून ठेवलेत केव्हाचे. मी मऊ लावत होतो. मऊ चांगले धरतात, धोका काही नाही, फक्त लवकर संपतात.” मग बाईंकडे न बघता, “हे लावले असते तर बाई दोन वर्षं फिरकल्या नसत्या.”

पैशाचंही त्यांनी सांगितलं. तीन हजार म्हणजे मालाची निव्वळ किंमत, त्यात मजुरीचा छदाम नाही. इतकी लांबलचक वाक्यं त्यांच्या तोंडून दुसऱ्या कोणासमोर आजवर निघाली नव्हती. दोन गिऱ्हाईकांपैकी एक उगाच खोकलं.

भाची एकदा खोक्याकडे बघे, एकदा मावशीकडे, एकदा काकांकडे. म्हणजे एक मुद्दाम झिजवतेय, दुसरा मुद्दाम झिजणारं लावतोय, आणि दोघांनाही वाटतंय, गाडी आपण एकटेच फसवतोय. ती मटकन त्या सीटवर बसली, मांजराला बाजूला सारून, आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाईंनी डोळे वटारले, त्याचा उपयोग झाला नाही, आणि मग त्यांनाच हसू आवरेना. मिस्त्री हसले की नाही हे सांगणं कठीण, पण त्यांची मिशी हलताना इस्त्रीवाल्याने पाहिली असं तो शपथेवर सांगतो.

हसणं ओसरल्यावर भाचीतला व्यवहार जागा झाला. आता हे टिकाऊच बसवा, म्हणाली, आणि बोला किती. मिस्त्री म्हणाले पाच हजार. भाचीने लगेच चार सांगितले. मिस्त्री मान डोलावणार, तोच बाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, पाच म्हणजे पाच, आणि मजुरी वेगळी, माणसाचं काम फुकट येतं का.

“मावशी, तू कोणाच्या बाजूने आहेस?” भाचीने विचारलं.

बाईंनी पर्स उघडली.

पॅड बसले. मिस्त्रींनी गाडी गल्लीत पुढेमागे करून पाहिली. आवाज नाही, काही नाही, लोण्यावरून सुरी फिरावी तशी थांबली. भाचीने किल्ली घेतली आणि मावशीला म्हणाली, चल, डॉक्टरांची शिकायची वेळ झाली.

“त्यांना आज तूच घेऊन जा,” बाई म्हणाल्या. “मी नंतर येते.”

“इथे आता काय काम आहे तुझं?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या, आणि सीटवर ऐसपैस बसल्या.

भाची गाडी घेऊन गेली. गिऱ्हाईकांना मिस्त्रींनी ‘संध्याकाळी’ म्हणून वाटेला लावलं. इस्त्रीवाल्याला जायचं नव्हतं, पण दुकानातून कापड करपल्याचा वास आला आणि त्याला पळावं लागलं. मिस्त्रींनी हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा एकदा धुतले. मग सीटच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले. भाव करायला काही नव्हतं. दोघंही रस्त्याकडे बघत बसली, आणि शेवटी बाईंनीच विचारलं, दाढ कशी आहे.