मन्मथआप्पांचा वायसर

मन्मथआप्पा खुर्चीवर बसायचे ते कुणी बघत असेल तेव्हाच. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मांडी घालायला सक्त मनाई केली, म्हणून मुलानं कापडदुकानातल्या गादीशेजारी एक उंच खुर्ची आणून ठेवली. सिरसाळ्याच्या बाजारात शिरलं की आप्पा तिच्यावर दिसायचे, पण चेहरा असा, की एसटीत दुसऱ्यानं रुमाल टाकलेल्या जागेवर बसलेत.

त्या खुब्यात एक लोखंडी गोळा होता आणि तो फिरायला प्लास्टिकची वाटी. "म्हंजी नळाचा वायसर," आप्पा डॉक्टरांना म्हणाले होते. झालं, सगळ्या बाजारानं तो शब्द उचलला. येणारा-जाणारा विचारायचा, "आप्पा, वायसर काय म्हनतोय?"

मी त्यांच्या शेजारचा शाळामास्तर. सकाळी त्यांच्या देवघराला आतून कडी लागायची आणि स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, गंगाकाकूंचा आवाज यायचा, "अवो, खुर्ची आत न्हेली का?"

"न्हेली!" आप्पा ठणकावून सांगायचे. घरी पूजेसाठी आणलेली दुसरी खुर्ची ओसरीत, माझ्या डोळ्यांसमोर असायची.

आप्पा लिंगायत. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, मांडी घालून पूजा करायची ही त्यांची लहानपणापासूनची सवय. खुर्चीवर बसून केली तर देवाला चालणार नाही का, असं मी एकदा विचारलं. "देवाला चालतंय सर," ते म्हणाले, "मला चालत न्हाई."

दुकानात मात्र हा माणूस पक्का व्यापारी. रंग विटलेलं लुगडं घेऊन कुणी बाई आली की ऐकून घ्यायचे आणि गोड आवाजात म्हणायचे, "माल चोख हाय, मावशे. तुमीच धुताना कायतरी केलं आसंल." ती बाई बिचारी आपलंच काय चुकलं ते आठवत परत जायची.

वाटी उरलेल्या आयुष्याला पुरेल असं डॉक्टर म्हणाले होते. थोड्याच वर्षांत आप्पा लंगडायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "चप्पल चावती." मुलानं नवी चप्पल आणली, तीही चावली. तिसरी आणायचा बेत चालू असताना आप्पा दुकानाच्या पायरीवर कोसळले.

माझ्या गाडीतून त्यांना लातूरला नेलं. वाटेत पंपावर गाडी चालवणारा मुलगा पेट्रोल भरायला आणि गंगाकाकू पाणी आणायला उतरल्या, तेव्हा मागच्या सीटवर आप्पांनी माझा हात धरला. "सर, मीच घालवला वो वायसर. रोज मांडी घातली. कंच्या तोंडानं सांगू?" इतके दिवस त्यांना चिडवत आलो, त्याचं मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी फोटो पाहिला. वाटी झिजली होती आणि तिच्या भुकटीनं आजूबाजूचं हाड पोखरायला सुरुवात केली होती. आणखी दिवस काढले तर नवी वाटी धरायला हाडच राहणार नाही, मग चालणं कायमचं बंद. पुन्हा ऑपरेशन हाच उपाय होता.

"नगं," आप्पा म्हणाले. "चूक माझी हाय, मी भोगतो." आणि सगळ्यांसमोर, गंगाकाकूंकडे न बघता, त्यांनी मांडीचं कबूल केलं.

"मांडीनं खुबा निखळेल म्हणून मी नको म्हणत होतो," डॉक्टर म्हणाले. "वाटी झिजली ती मांडीनं नाही. कंपनीनंच कळवलंय. ज्या पिशव्यांत या वाट्या भरल्या होत्या, त्यांतून हवा आत जायची. तुम्हाला बसवायच्या आधीच प्लास्टिक कमजोर झालं होतं."

आप्पांनी मान वर केली. "म्हंजी माल गठ्ठ्यातच इटला व्हता?"

"अगदी तसंच. पण म्हणून मांडी घाला असं..."

पुढचं आप्पांनी ऐकलंच नाही. "ऐकलं का गंगे? गठ्ठ्यातच इटला व्हता!" ऑपरेशनच्या कागदावर त्यांनी सही अशी केली, जणू पोराच्या लग्नाच्या यादीवर करतायत. गावात आल्यावर तर विचारूच नका. भेटेल त्याला थांबवून, "मांडीनं न्हाई गेला बे!" रंग गेलेलं लुगडं घेऊन आलेल्या बाईला त्यांनी मुकाट्यानं दुसरं काढून दिलं, तेव्हा मुलानं कपाळाला हात लावला.

यावेळी मात्र त्यांनी पथ्य पाळलं. गंगाकाकूंनी देवघराची कडीच काढून टाकली होती. आप्पा खुर्चीवर बसून पूजा करायचे आणि बाहेर येऊन मला सांगायचे, "झाली बगा सर, तुमच्यावानी खुर्चीवरची, शाळंतली पूजा."

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. त्यांच्यात माणसाला आडवं नेत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि तशीच समाधी देतात. बायकांनी भस्म, फुलं आणली. मुलगा बापाच्या पायापाशी बसला आणि थबकला. "आई, आत लोखंड हाय. जराशी सैलच घालू का?"

गंगाकाकू पुढं आल्या. त्यांनी आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पुरी घाल," त्या म्हणाल्या. "लई दिस खुर्चीवर बसवलं मी त्यान्ला."