मारुओला न्यायला कोण येणार?

कुसाकाला शिंक आली, आणि पडद्यापलीकडे, भर वर्गात, मारुओ शिंकला.

मारुओ म्हणजे जपानमधल्या तोयामा भागातल्या एका लहान गावच्या बालवाडीतला यंत्रमानव. तो आपलं आपण विचार करून बोलतो, असं कंपनीनं सगळ्या गावाला सांगितलं होतं. बोलायचा मात्र कुसाका. पंधरा वर्षं मासळीच्या गाळ्यावर "ताजं माकूळ घ्या" असं ओरडून कमावलेला त्याचा गळा कंपनीला पसंत पडला होता. तेव्हापासून तो मागच्या खोलीत, पडद्याआड माइक धरून बसे. बायकोनं "आज काय काम केलंत?" विचारलं की सांगे, "पाच वर्षांचा होतो." त्या दिवशी देवदाराचे पराग उडत होते, त्यात यानं चहासाठी मास्क खाली केला आणि घात झाला.

"मारुओला सर्दी झाली," मिओरीनं जाहीर केलं. पाच वर्षांची मिओरी वर्गाची डॉक्टरीणबाई. तिनं तापमापक आणून मारुओच्या कपाळाला टेकवला. आतलं यंत्र तापलेलं, आकडा एकोणचाळीस! साडेसदतीसच्या वर गेलं की घरी, हा नियम तिथे रांगतं पोरही जाणतं.

आणि नेमकी त्याच दिवशी नगरपालिकेची समिती मारुओच्या पाहणीला यायची होती. तिनं होकार दिला तर कुसाकाचं काम पक्कं. पडद्यामागे माणूस आहे हे फुटलं, तर परत माकूळ.

कंपनीचा हायामा धावत आला. "अहो बाई, यंत्र आहे ते! गरम होणारच."

मुख्याध्यापिका तोकुएबाई म्हणाल्या, "मुलांना सांगू का तसं? मारुओ अगदी तुमच्यासारखाच, हे चार महिने तुम्हीच घोकून घेतलंत ना? मग त्यांच्यासारखाच घरी जाईल."

"मी बरा आहे!" मारुओच्या तोंडून कुसाका घाईनं म्हणाला.

"आजारी मुलं असंच म्हणतात," मिओरीनं त्याला पांघरूण घातलं. "पड गपचूप." मग तिलाच प्रश्न पडला. "बाई, याला न्यायला कोण येणार? माझी आई ऑफिसातून येते. चिडत येते, पण येते."

बाईंनी हायामाकडे पाहिलं. हायामानं स्वतःच्या सपातांकडे.

"याला कोणीच नाही?" एका छोट्याचा ओठ वाकडा झाला. तो रडला, त्याला पाहून शेजारचा, आणि मग अख्ख्या वर्गानं भोकाड पसरलं. दारात समितीचे तिघे बूट काढत होते, ते एका पायावर तसेच थांबले.

कुसाका गप्प बसला असता तर हायामानं काहीतरी थाप मारून वेळ निभावली असती. पण ते "कोणीच नाही" त्याला बसल्या जागी सोसेना. माइक ठेवून तो मागच्या दारानं बाहेर पडला, वळसा घालून पुढून आत आला आणि कमरेत वाकला.

"मारुओला न्यायला आलोय. तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

रडणं थांबलं. हायामानं डोळे मिटून घेतले.

"यांचा आवाज मारुओसारखाच आहे," रेन्तो नावाचा मुलगा संशयानं म्हणाला.

"मग वडिलांसारखा नसणार तर काय तुझ्यासारखा असणार?" मिओरीनं त्याला झापलं आणि आपल्या खाऊतलं पुडिंग कुसाकाच्या हातात कोंबलं. "हे त्याला द्या. तुम्ही खाऊ नका. आणि पुढच्या वेळी लवकर या."

समितीच्या अध्यक्षांनी डोळे पुसले. "आजारीसुद्धा पडतो! केवढी प्रगती!" त्यांनी जागच्या जागी होकार दिला. कुसाका मारुओला पाठुंगळी घेऊन निघाला, तेव्हा सगळी पोरं फाटकापर्यंत सोडायला आली.

पुडिंग कुसाकानंच खाल्लं. मारुओला पोट नव्हतं, त्याला तो काय करणार?

पण आजारपणात कुणी काही दिलं, तर बरं झाल्यावर परतभेट द्यायची ही तिकडची रीत, आणि मिओरी रीतीला पक्की. तिला कागदाचा बेडूक हवाय. तोही मारुओनं स्वतः घडी घालून केलेला, बाबांनी केलेला चालायचा नाही. मारुओची बोटं तर मिटतसुद्धा नाहीत.

"झाला का बेडूक?" ती रोज सकाळी विचारते.

"उद्या," पडद्यामागून कुसाका सांगतो.