गाळलेलं पेट्रोल

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत माझी पोस्टिंग बेळगावच्या कॅम्पात होती, एम.टी. वर्कशॉपमध्ये, म्हणजे लष्करी गाड्या दुरुस्त करायच्या जागी. मी हुद्द्यानं नाईक, कामानं मेकॅनिक, मूळचा उचगावचा. फ्रंट मी पाहिला न्हाय. शौर्याच्या गोष्टी ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. माझ्या हातून आपलाच एक माणूस गेला, ते सांगतो.

सहाला फॉल-इन, साडेसहाला वर्कशॉप. आमच्याकडं चार इंजिनाच्या सायकली होत्या. सायकलच ती, पायडलसकट. मधे लहान इंजिन बसवलेलं. डिस्पॅच रायडर त्यांवरून कागद पोचवायचे. त्यांतला लान्स नाईक भूपाल माझा जिवाचा दोस्त. निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातला. पाणी गाळल्याशिवाय पीत नसे. पेट्रोलसुद्धा फनेलवर कापड धरून गाळून भरायचा.

"अरं, पेट्रोलात कसले जीव शोधतोयस?" मी चेष्टा करायचो.

"कचरा असतोय रं. गाळल्यालं बरं."

कचरा असायचा, हे खरंच. म्हणून मी कधी अडवलं न्हाय.

त्या दिवशी पावणेतीनला तो गाडी ढकलत आला. थ्रॉटल सोडला की इंजिन बंद. जोरात ठीक चालायची, स्लोला आली की मरायची. मी फनेल बघितलं. जुनं कापड फाटलं म्हणून त्यानं कोरं मांजरपाट लावलं होतं आणि त्याचे तंतू सुटत होते. ते कार्बुरेटरच्या स्लो जेटमध्ये, म्हणजे इंजिन हळू चालताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, अडकले, हे मला तिथंच कळलं. कार्बुरेटर उतरवायचा, जेट फुंकून साफ करायचा, परत बसवायचा. अर्ध्या तासाचं काम.

तेवढ्यात फोन वाजला. जमादार साहेब होते.

"रायडर निघाला?"

"साहेब, अर्धा तास लागंल."

"तीनला गेटबाहेर पाहिजे. ऑर्डर आहे."

"जी, साहेब."

मी जेटला हातच लावला न्हाय. रेसचा स्क्रू दोन फेरे आत पिळला. आता थ्रॉटल पुरता मिटेना, त्यामुळं इंजिन फडफडत का होईना, चालू राहिलं.

भूपाल म्हणाला, "उताराला वढंल की रं ही."

"ब्रेक हायेत की. आल्यावर साफ करतो. जा तू."

तीनला दोन मिनिटं कमी असताना तो गेटबाहेर पडला.

कागद निपाणीच्या वाटेनं जायचा होता. तवंदी घाट उतरला की निपाणी. सव्वापाचला तो घाटात होता. पुढं तंबाखूची बैलगाडी चालली होती. गाडीवानानं नंतर सांगितलं, "लई थांबवाया बघत हुता. दोन्ही पाय रस्त्याला घासत हुता." स्क्रूमुळं इंजिन पुढं ढकलतच राहिलं, ब्रेक पुरले न्हाईत. बैलांना चुकवून तो दरीत गेला. निपाणीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपला होता. वय बावीस. खिशातल्या कागदात एवढंच होतं की उद्याच्या लॉऱ्या तासभर उशिरा निघतील.

मोडकी सायकल दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये आली. आजूबाजूला कुणी नव्हतं. चौकशीत दिसू नये म्हणून मी स्क्रू दोन फेरे मागं घेतला. हे सांगताना आजही माझी मला शिसारी येते.

चौकशीत मेजर साहेबांनी विचारलं, "गाडीत दोष होता?"

"नो, सर."

रायडरची बेफिकिरी, असं त्यांनी लिहिलं. तसंच पत्र त्याच्या घरी गेलं.

लढाई संपली, मला डिस्चार्ज मिळाला. घरी न जाता मी आधी त्याच्या गावी गेलो. दारात त्याची थोरली बहीण होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. स्क्रू पिळला ते, आणि मागं घेतला तेही. "आक्का, चूक माझी हाय. भूपालची न्हवं."

ती ओरडली न्हाय. तिनं मला बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, "आण्णा, हे आमच्या आप्पांना सांगायला पायजे हुतं तुम्ही. माझं पोरगं बेफिकीर निघालं म्हणत बसायचे. गावात त्याचं नाव काढू द्यायचे न्हाईत. मागच्या दिवाळीला गेले."

भूपाल बेफिकीर नव्हता. भेटेल त्याला मी हे सांगत आलोय. ज्यांना सांगायचं होतं, ते ऐकायला राहिले न्हाईत.